मध्य अमेरिकी सिक्लिडांचे जोडीपालन

मध्य अमेरिकी सिक्लिड हा सिक्लिडी कुलातील गोड्या पाण्यातील माशांचा गट आहे. मेक्सिकोच्या दक्षिण भागापासून पनामापर्यंतच्या नद्या, तळी व झरे हा त्यांचा मूळ प्रदेश होय. नर व मादी यांनी जोडीने राहणे आणि अंडी व पिल्ले दोघांनी मिळून राखणे हे या गटाचे ठळक वैशिष्ट्य असल्यामुळे मत्स्यालयात त्यांची प्रजनन जोडी पाळण्याची आवड जगभर रुजली आहे. भारतातील दुकानांत कॉन्व्हिक्ट, फायरमाउथ, जॅक डेम्पसी व मिडास या जाती आणि फ्लॉवरहॉर्न व ब्लड पॅरट हे संकरित मासे प्रामुख्याने मिळतात. विदर्भातील वर्धा जिल्ह्यासारख्या भागात पाण्याचा गुणधर्म या माशांना मानवणारा आहे. उन्हाळा मात्र त्यांची कसोटी पाहतो.

नर व मादी एका टाकीत सोडल्याने जोडी तयार होत नाही. जोडी मासे स्वतः जमवतात. जमलेली जोडी ओळखणे, तिला पुरेशी जागा देणे आणि ती फिसकटल्यास मादीचा जीव वाचवणे एवढेच पाळणाऱ्याच्या हाती असते.

नावे व वर्गीकरण

या गटातील सर्वाधिक पाळला जाणारा मासा कॉन्व्हिक्ट सिक्लिड होय. राखाडी-निळसर अंगावरील आठ-नऊ काळे उभे पट्टे तुरुंगातील कैद्यांच्या जुन्या पोशाखासारखे दिसतात, म्हणून इंग्रजीत त्याला हे नाव पडले. काही विक्रेते त्याला ‘झेब्रा सिक्लिड’ही म्हणतात, परंतु त्याच नावाचे आफ्रिकेतील मलावी सरोवराचे मासेही विक्रीस असल्याने गोंधळ होतो. आल्बर्ट ग्युंटर यांनी १८६७ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे सिक्लासोमा, आर्कोसेन्ट्रस, क्रिप्टोहेरॉस अशा निरनिराळ्या प्रजातींत त्याची गणना झाली. २००७ साली मेक्सिकन संशोधक श्मिटर-सोटो यांनी ग्वाटेमालातील अमॅटिटलान सरोवराच्या नावावरून अमॅटिटलानिया ही प्रजाती स्थापन केली आणि पूर्वी एकच मानलेल्या माशाची अनेक जातींत विभागणी केली. या विभागणीमुळे कोस्टा रिकातील माशांवरील जुन्या अभ्यासांतले ‘निग्रोफॅसिआटा’ हे नाव आता अमॅटिटलानिया सिक्विया असे वाचावे लागते. दुकानातील मासे पिढ्यान्‌पिढ्या टाक्यांत वाढलेले आणि बहुधा मिसळलेले असतात. त्यामुळे केवळ रंगावरून त्यांची नेमकी जात सांगता येत नाही.

फायरमाउथ (थोरिक्थिस मीकी) या माशाचे जातिनाम अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञ सेथ मीक यांच्या नावावरून आले आहे. जॅक डेम्पसी (रोसिओ ऑक्टोफॅसिआटा) हे नाव १९२० च्या दशकातील प्रसिद्ध मुष्टियोद्ध्याचे असून ते माशाच्या भांडखोर स्वभावावरून पडले.

ओळख

भारतीय मत्स्यालयांत सर्वांत परिचित असलेले ऑस्कर, एंजल व डिस्कस हे सिक्लिडच असले तरी ते दक्षिण अमेरिकेतील आहेत. त्यांपैकी डिस्कसला मृदू व आम्लधर्मी पाणी लागते. मध्य अमेरिकेतील बहुतेक जातींना याउलट किंचित अल्कधर्मी व क्षारयुक्त पाणी मानवते. पाण्याच्या बाबतीत होणाऱ्या अनेक चुकांचे मूळ हा फरक लक्षात न घेण्यात असते.

कॉन्व्हिक्टचा पूर्ण वाढलेला नर साधारण १० ते १२ सेंटिमीटर आणि मादी ७ ते ८ सेंटिमीटर लांबीची असते. काळे पट्टे नसलेला फिकट गुलाबी कॉन्व्हिक्ट ही वेगळी जात नव्हे. तो याच माशाचा निवडीने टिकवलेला रंगप्रकार असून हा गुण आनुवंशिकदृष्ट्या अप्रभावी आहे. म्हणून गुलाबी नर व गुलाबी मादी यांची सर्व पिल्ले गुलाबीच निपजतात. फायरमाउथचा गळा व पोटाची पुढील बाजू तांबडी असते. प्रतिस्पर्धी समोर येताच तो कल्ल्यांची झाकणे फुलवून गळा फुगवतो. झाकणांच्या खालच्या कडेवरील काळे ठिपके तेव्हा मोठ्या डोळ्यांसारखे दिसतात आणि समोरून पाहणाऱ्याला मासा आहे त्याहून बराच मोठा भासतो. ही धमकी बहुधा पुरेशी ठरते, त्यामुळे फायरमाउथ दिसतो तेवढा मारका नाही. जॅक डेम्पसी गडद तपकिरी किंवा काळसर असून त्याच्या अंगभर निळे-हिरवे चमकदार ठिपके असतात. तो २० सेंटिमीटरपर्यंत सहज वाढतो. मिडास (अँफिलोफस सिट्रिनेलस) निकाराग्वा व कोस्टा रिकातील मोठा मासा आहे. निसर्गात त्याची बहुसंख्य प्रजा राखाडी असते आणि थोडे मासे वाढताना काळा रंग गमावून नारिंगी किंवा पिवळे होतात. दुकानांत हेच नारिंगी मासे दिसतात.

फ्लॉवरहॉर्न हा कोणत्याही नदीचा मासा नाही. १९९० च्या दशकात मलेशिया व तैवान येथे मध्य अमेरिकी सिक्लिडांच्या संकरातून तो तयार झाला. डोक्यावरील मोठा उंचवटा आणि अंगावरील अक्षरांसारखे काळे डाग यांमुळे तो ‘भाग्यवान’ मानला जाऊ लागला आणि त्याच समजुतीपायी भारतातही चढ्या किमतीला विकला जातो. ब्लड पॅरट हा तैवानमध्ये निर्माण झालेला दुसरा संकर होय; त्याचे तोंड नीट मिटत नाही. ब्लड पॅरटच्या माद्या अंडी घालतात, पण नर बहुधा वंध्य असल्याने ती पांढरी पडून कुजतात. फ्लॉवरहॉर्नच्या नरांतही वंध्यत्व पुष्कळ आढळते. त्यामुळे ‘जोडी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या संकरित माशांपासून पिल्ले मिळतीलच असे नाही.

नर-मादी भेद

बहुतेक माशांत नर अधिक रंगीत असतो. कॉन्व्हिक्टमध्ये हे उलट आहे: मादीच्या पोटावर व कुशीवर सोनेरी-नारिंगी खवले असतात, तर नर आकाराने मोठा पण रंगाने साधा असतो. नराच्या पृष्ठपक्षाची व गुदपक्षाची टोके लांब होत जातात आणि वयस्क नराच्या कपाळावर उंचवटा येतो. मासे ४-५ सेंटिमीटरचे झाले की मादीचा नारिंगी रंग दिसू लागतो, म्हणून नवशिक्यासाठी ही जात सर्वांत सोपी.

इतर जातींत एवढी स्पष्ट खूण नसते. जॅक डेम्पसीच्या मादीच्या खालच्या जबड्यावर व कल्ल्याच्या झाकणावर निळ्या चमकीचे प्रमाण जास्त असते. फायरमाउथच्या नराचे पर टोकदार व तांबडा रंग गडद असतो, परंतु चांगले खाद्य मिळालेली मादीही तशीच रंगते. मिडासमध्ये उंचवटा नर व मादी दोघांनाही येतो. अशा वेळी जननछिद्रालगतची नलिका पाहणे हा खात्रीचा उपाय आहे. नराची नलिका बारीक व टोकदार, तर मादीची रुंद व बोथट असते. अंडी घालण्याच्या एक-दोन दिवस आधी ती बाहेर आलेली असल्याने हा फरक काचेतूनही दिसतो. एरवी मासा ओल्या जाळीत उलटा धरून पाहावे लागते. हे काम काही सेकंदांत उरकावे लागते.

अंडी घातली म्हणजे नर व मादी आहेतच असा निष्कर्ष काढता येत नाही. नराच्या अभावी दोन माद्या जोडीसारख्या वागतात, एकच दगड साफ करतात आणि दोघीही त्यावर अंडी घालतात. दोन-तीन दिवसांत सर्व अंडी पांढरी होऊन त्यांवर बुरशी येते. असे वारंवार झाल्यास जोडीच तपासून पाहावी लागते.

जोडी जमणे

जोडी मिळवण्याची सर्वमान्य पद्धत म्हणजे सहा ते आठ लहान मासे एकत्र वाढवणे. वयात येताच त्यांतील दोघे टाकीचा एखादा कोपरा धरतात, एकमेकांजवळ राहतात आणि इतरांना तेथून हाकलतात. एवढे दिसले की बाकीचे मासे काढून घ्यावे लागतात, अन्यथा त्यांचे पर फाटतात व ते उपासमारीने किंवा जखमांनी मरतात. हा मार्ग वेळखाऊ आहे. वाढलेला नर व वाढलेली मादी विकत आणून एकत्र सोडणे हा झटपट मार्ग वाटतो, पण त्यात मादी मरण्याचा धोका सर्वाधिक असतो.

प्रणयाराधन आणि भांडण यांच्या क्रिया जवळजवळ सारख्याच असतात. दोन्ही मासे अंग थरथरवतात, शेपटीने एकमेकांकडे पाणी लोटतात, तोंडात तोंड अडकवून ओढाताण करतात. तोंडाची पकड सुटल्यावर दोघे शेजारी-शेजारी राहिले आणि दोघांचेही रंग गडद झाले, तर जोडी जमण्याच्या मार्गावर आहे. एक मासा फिका पडून पाण्याच्या पृष्ठभागाजवळच्या कोपऱ्यात किंवा फिल्टरमागे तिरका लपून राहिला, खायला बाहेर येईना, त्याचे पर चिरलेले दिसले, तर जोडी जमलेली नाही. हा मासा बहुधा मादी असतो. अशा अवस्थेत ‘होईल सवय’ म्हणून वाट पाहिल्यास ती एका रात्रीत मारली जाऊ शकते.

यावर उपाय म्हणजे टाकीत पारदर्शक किंवा छिद्रांची आडफळी घालून दोघांना आठवडाभर नुसते एकमेकांना दिसू देणे. नर बराच मोठा असलेल्या जातींत फळीला असे भोक ठेवतात की मादी त्यातून ये-जा करू शकेल, पण नर अडेल. एकत्र यायचे की नाही ते मग मादी ठरवते. टाकीत डॅनिओसारखे चपळ मासे ठेवल्यास जोडीला हुसकावण्यासाठी बाहेरचा शत्रू मिळतो आणि नराचा रोख मादीवरून हटतो. हा उपाय मोठ्या टाकीतच चालतो. जमलेली जोडीही कायमची नसते. मादीची पुढची अंडी तयार होण्यापूर्वी नर पुन्हा समागमास उतावीळ झाला किंवा दोघांपैकी एकाला काही दिवस दुसरीकडे ठेवून परत आणले, तर जुनी जोडी मोडू शकते.

जोडीदाराची निवड माशाच्या दृष्टीने किती महत्त्वाची असते यावर फ्रान्समधील बर्गंडी विद्यापीठातील संशोधकांचा २०१९ साली प्रकाशित झालेला अभ्यास उल्लेखनीय आहे. त्यांनी कॉन्व्हिक्टच्या माद्यांना खाद्य असलेली व नसलेली डबी झाकणाच्या रंगावरून ओळखायला शिकवली आणि नंतर अनिश्चित खुणेची तिसरी डबी पुढे ठेवली. स्वतः निवडलेला नर काढून घेतलेल्या माद्यांनी ही डबी उघडण्यास जास्त वेळ लावला. नको असलेला नर गेल्यावर मात्र असा बदल दिसला नाही. जोडीदार गमावल्याचा परिणाम माशाच्या मनःस्थितीवर होतो, असा अर्थ संशोधकांनी यातून काढला.

टाकी

कॉन्व्हिक्ट किंवा फायरमाउथच्या एका जोडीसाठी तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच टाकी पुरते. तिच्यात काठोकाठ सुमारे १९० लिटर पाणी मावते. जॅक डेम्पसीला चार फूट, तर मिडासच्या जोडीला सहा फूट लांबी लागते. टाकीची उंची वाढवून लांबीची भरपाई होत नाही, कारण हे मासे तळाशी हद्द आखतात आणि पळणाऱ्या मादीला आडवे अंतर हवे असते. तळाशी बारीक गोल वाळू, मोठे दगड आणि मातीच्या आडव्या ठेवलेल्या कुंड्या घालतात. दगड वाळूवर नव्हे, तर थेट तळाच्या काचेवर (खाली पातळ थर्माकोल देऊन) बसवावे लागतात. हे मासे वाळू उकरतात आणि खालून पोखरलेला दगड कोसळून काच फुटते. मुळे धरणाऱ्या वनस्पती उपटल्या जातात.

नवी टाकी भरल्याबरोबर मासे सोडता येत नाहीत. माशांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये बदलणारे जिवाणू फिल्टरमध्ये स्थिर होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. त्यानंतर दर आठवड्याला पाव ते एक-तृतीयांश पाणी बदलणे पुरते. तापमान २४ ते २८ अंश सेल्सियस व सामू ७ ते ८ असावा.

प्रजनन व पिल्लांचे संगोपन

कॉन्व्हिक्टची मादी कुंडीच्या आतल्या छताला किंवा भिंतीला साधारण शंभर ते तीनशे अंडी चिकटवते. फायरमाउथ व जॅक डेम्पसी सपाट दगडही पसंत करतात. मादी अंड्यांवर पर हलवून त्यांना ताजे पाणी देत राहते, मेलेली अंडी वेचून खाते. नर बाहेर पहारा देतो. ही कामे दोघे अधूनमधून बदलूनही करतात. सुमारे तीन दिवसांत अंडी फुटतात. पिल्लांना तेव्हा पोहता येत नाही. आईबाप त्यांना तोंडात धरून वाळूत केलेल्या खळग्यात नेऊन ठेवतात आणि खळगे बदलत राहतात. आणखी तीन-चार दिवसांनी बलक संपून पिल्ले थव्याने पोहू लागतात. त्या काळात आईबाप परांनी तळ ढवळून कण वर उडवतात आणि पिल्ले ते टिपतात. अंधार पडू लागताच थव्याला खळग्यात परत हाकलतात, चुकलेले पिल्लू तोंडात घेऊन आणून सोडतात. हे दृश्य कॉन्व्हिक्टच्या साध्या टाकीतही दररोज पाहायला मिळते, आणि अनेकांना या छंदाची गोडी त्यामुळेच लागते.

पिल्लांना ब्राइन श्रिंपची नुकती निघालेली पिल्ले, मायक्रोवर्म किंवा बारीक कुटलेले कोरडे खाद्य चालते. उकडलेल्या अंड्याचा बलक चालतो, पण तो पाणी फार लवकर नासवतो. मोटारीचा फिल्टर पिल्ले ओढून घेत असल्याने हवेवर चालणारा स्पंज फिल्टर वापरतात. नव्या जोडीने पहिली एक-दोन वेळची अंडी खाऊन टाकणे सामान्य आहे. अंडी खाल्ली म्हणून जोडी तोडू नये. पिल्ले राखणाऱ्या जोडीच्या टाकीत हात घातल्यास अगदी लहान मादीही चावते. अशा वेळी वारंवार ढवळाढवळ केल्यास आईबाप पिल्ले खातात किंवा एकमेकांवर उलटतात.

निसर्गात कॉन्व्हिक्टच्या जोड्या परक्या जोडीची पिल्लेही आपल्या थव्यात सामावून घेतात. ती पिल्ले स्वतःच्या पिल्लांएवढी किंवा त्यांहून लहान असली तरच हे घडते. मोठी परकी पिल्ले स्वतःच्या पिल्लांना खाण्याची शक्यता असल्याने ती हाकलली किंवा खाल्ली जातात.

वर्धा जिल्ह्यातील परिस्थिती

वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसला आहे. या खडकातून झिरपणाऱ्या विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. भांड्यांवर पांढरा थर चढवणारे हे दुष्फेन पाणी मध्य अमेरिकी सिक्लिडांना मात्र चालते. त्यासाठी आरओ यंत्राचे पाणी विकत घेण्याची गरज नसते. शेतीलगतच्या उथळ विहिरींच्या पाण्यात खतांमुळे नायट्रेट जास्त असू शकते, म्हणून ते एकदा तपासून घेणे इष्ट ठरते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन एक दिवस पाणी उघडे ठेवून किंवा सोडियम थायोसल्फेटने (दुकानातील ‘अँटिक्लोरीन’) घालवतात.

खरी अडचण एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत येते. या काळात हवेचे तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते आणि पत्र्याच्या किंवा थेट गच्चीखालच्या खोलीतील टाकीचे पाणी ३३-३४ अंशांवर पोहोचते. २५ अंशांच्या गोड्या पाण्यात दर लिटरला सुमारे ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो. ३५ अंशांना तो सुमारे ७ मिलिग्रॅमवर येतो, आणि नेमक्या त्याच वेळी माशाची ऑक्सिजनची गरज वाढते. सामू ८ असताना एकूण अमोनियापैकी विषारी स्वरूपातील वाटाही २५ अंशांच्या तुलनेत ३५ अंशांना जवळजवळ दुप्पट होतो. दुष्फेन पाण्याचा सामू मुळातच जास्त असल्याने जी गोष्ट एरवी फायद्याची, तीच उन्हाळ्यात धोक्याची ठरते. म्हणून या दिवसांत खाद्य निम्म्यावर आणतात, पाणी थोडे-थोडे पण वारंवार बदलतात आणि जोडीला प्रजननासाठी प्रवृत्त करत नाहीत.

विदर्भाचा उन्हाळा कोरडा असल्याने एक स्वस्त उपाय येथे चांगला लागू पडतो. टाकीचे झाकण काढून जाळी बसवायची आणि पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा सोडायचा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी सहज उतरते. खोलीत कूलर असला तरी तत्त्व तेच. मुंबई-कोकणच्या दमट हवेत या उपायाचा तेवढा उपयोग होत नाही, आणि पावसाळा सुरू झाल्यावर वर्ध्यातही तो निकामी ठरतो. उडालेल्या पाण्याबरोबर क्षार जात नाहीत, ते टाकीतच साचतात. त्यामुळे रोजची भर कमी क्षारांच्या पाण्याने, जमल्यास साठवलेल्या पावसाच्या पाण्याने घालावी लागते. बर्फाच्या पिशव्या टाकल्याने तापमान एकदम खाली-वर होऊन ‘इक’ हा पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी रोग उद्भवण्याची भीती असते. वीज गेल्यास पहिला धोका गुदमरण्याचा असतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप त्यासाठी जवळ ठेवतात.

डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १० अंशांजवळ उतरते. तेव्हा साधारण एका लिटरला एक वॅट या हिशेबाने हीटर लागतो. नागपूर येथे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मत्स्य विज्ञान महाविद्यालय असून मत्स्यपालनाच्या शिक्षणाची व माहितीची या भागातील ती सर्वांत जवळची संस्था आहे.

अतिरिक्त पिल्ले व नदीत सोडण्याचा धोका

एक कॉन्व्हिक्ट जोडी अनुकूल स्थितीत महिना-दीड महिन्याने पुन्हा अंडी घालते. पिल्ले चार-पाच महिन्यांत स्वतः वयात येतात. म्हणजे एका जोडीपासून वर्षभरात हजाराच्या घरात पिल्ले निघू शकतात, आणि हा मासा इतका सहज वाढतो की दुकानदार तो फुकटही घेत नाहीत. मग उरलेली पिल्ले तलावात किंवा नदीत ‘जीवदान’ म्हणून सोडली जातात.

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात हेझलवूड औष्णिक वीजकेंद्राच्या गरम पाण्याच्या तलावात कॉन्व्हिक्ट स्थायिक झाले. अमेरिकेतील नेवाडाच्या उष्ण झऱ्यांत सोडलेल्या कॉन्व्हिक्टमुळे तेथील स्थानिक लहान माशांची पीछेहाट झाली. सिंगापूरच्या जलाशयांत फ्लॉवरहॉर्न वाढले आहेत. थंड देशांत हे मासे गरम पाण्यापलीकडे पसरू शकत नाहीत. वर्धा जिल्ह्यातील जलाशयांना हिवाळ्याची तशी भिंत नाही. येथील धाम, बोर व वेणा या नद्यांचे पाणी अखेर वर्धा नदीत जाते. वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीत मिसळते. १९५२ साली भारतात आणलेला मोझांबिक तिलापिया हा आफ्रिकी सिक्लिड आज देशभरच्या जलाशयांत पसरलेला आहे, आणि तो परत काढता आलेला नाही. पिल्ले राखणाऱ्या नव्या परदेशी माशाची भर पडल्यास त्याची झळ उथळ काठावर अंडी घालणाऱ्या स्थानिक माशांना व त्यांवर पोट असलेल्या भोई, ढीवर या मासेमार समाजांना बसेल.

पिल्ले नको असल्यास अंडी दिसताच कुंडी बाहेर काढणे, नर-मादी वेगळे ठेवणे किंवा पिल्ले मोठ्या मांसाहारी माशांच्या टाकीत खाद्य म्हणून देणे हे मार्ग अवलंबले जातात. शेवटचा मार्ग अनेकांना क्रूर वाटतो, तरी मूळ प्रदेशातही बहुसंख्य पिल्लांचा शेवट असाच होतो.

भारतीय सिक्लिड

भारतात सिक्लिडी कुलाच्या तीनच मूळ जाती आहेत आणि त्यांतील एकही विदर्भातील नद्यांची नाही. एट्रोप्लस सुराटेन्सिस हा त्यांपैकी सर्वांत मोठा. गोव्यात त्याला कालुंदर म्हणतात, तर केरळने ‘करिमीन’ या नावाने त्याला राज्यमासा घोषित केले आहे. दुसरी जात नारिंगी क्रोमाइड या व्यापारी नावाने मत्स्यालयात पाळली जाते आणि तिसरी, एट्रोप्लस कॅनरेन्सिस, कर्नाटकाच्या किनारी भागात मर्यादित आहे. कालुंदर खाडीच्या मचूळ पाण्यात राहतो, बुडालेल्या लाकडावर किंवा दगडावर अंडी चिकटवतो, आणि मध्य अमेरिकेतील आपल्या दूरच्या भाऊबंदांप्रमाणेच नर व मादी दोघेही ती राखतात.